माझ्या पोटातली काठी

मित्रांनो, मी एक जुनं व्हायोलिन आहे, आणि स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. माझ्या पोटात लाकडाची एक बारीक काठी आहे. तिला ना खिळा, ना सरस. तारांच्या ताणावरच ती उभी. तीच माझा प्राण.

ब्रोकन हिल या खाणींच्या गावात लोरीनबाई मला वाजवतात. पहाटे सरावाला बसण्याचा त्यांचा नेम आजारपणातही चुकत नाही. कार्यक्रमांसाठी त्यांनी मला पार ॲडलेडपर्यंत हिंडवलं, खूप टाळ्या ऐकवल्या. दुपारी मात्र शाळेतली मुलं शिकायला येतात, आणि त्यांचं करकरणं ऐकून माझ्या तारा शहारतात.

त्यांतली ब्रायडी फार हळवी. गेल्या फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, छपराचे पत्रे उन्हाने तडतडत होते. त्या संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये ती बाईंच्या जोडीने पहिल्यांदाच वाजवणार होती. त्याआधी घरी बाई चहा करायला आत गेल्या आणि तिला माझी दया आली.

"किती ताणून ठेवलंय बिचाऱ्याला," असं पुटपुटत तिने चारही तारा सैल सोडल्या.

तारांखालची घोडी आडवी झाली. पोटात टक्‌ झालं. काठी पडली.

बाईंनी मला उचललं, तर आत खुळखुळ वाजलं. ब्रायडीचं तोंड पांढरं पडलं.

"मिस, मी परत व्हायोलिनला हात लावणार नाही. मला शिकवूही नका."

"बरं. मग बाकीच्या कार्ट्यांचं बेसूर वाजवणं मी एकटीनेच ऐकायचं का? टॉर्च आण आणि इथे धर."

वाकड्या सळईने बाई माझ्या छातीवरच्या फटीतून काठी उभी करू लागल्या. ती उभी राही, पुन्हा घसरे. माझा जीव खालीवर होत होता.

"मिस, उशीर होतोय."

"घड्याळाकडे नको, फटीकडे बघ."

अखेर काठी ठरली. बाईंनी घोडी बसवली, आळीपाळीने एकेक तार थोडीथोडी चढवली आणि गज ब्रायडीपुढे धरला.

"तू गप्प केलंस, आता तूच बोलतं कर."

तिने गज तारेवर ओढला. माझा पहिला सूर घोगराच निघाला, पण निघाला. संध्याकाळी हॉलमध्ये तिच्या छोट्या व्हायोलिनवर एक सूर घसरला. ती थांबली नाही. शेजारून मी तिला सांभाळत राहिलो.

मित्रांनो, माझ्या तारा बदलायच्या तर एकेक बदला, सगळ्या एकदम सोडू नका. उन्हातल्या मोटारीत मला विसरू नका. आणि हातून चूक झाली, म्हणून मला पेटीत बंद करू नका. तिथल्या अंधारात मी कान देऊन बसतो, कोणी झाकण उघडतंय का.