अर्धा सूर खाली

मित्रांनो, क्लबच्या हॉलमध्ये चहाच्या खिडकीशेजारी, भिंतीला पाठ टेकून जो उभा दिसतो, तो मी. एक जुना पियानो. माझ्या झाकणावर कपांची वर्तुळे उमटलेली आहेत. डावीकडची अगदी शेवटची पट्टी दाबली तर सुराऐवजी खोकला ऐकू येतो. मला पाहून नवखी माणसे हमखास विचारतात, हा अजून वाजतो का? वाजतो. दर रविवारी दुपारी वाजतो. मध्यंतरी एकदा मात्र तो रविवार कायमचा बंद पडण्याची पाळी आली होती, आणि ती माझ्या आतल्या तारांमुळे आली होती. तीच हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. आधी लाकडी सांगाडा उभा राहिला, मग त्यात ओतीव लोखंडाची जड चौकट बसली आणि त्या चौकटीवर दोनशेहून अधिक तारा ताणल्या गेल्या. प्रत्येक तारेचे एक टोक पोलादी खुंटीला गुंडाळलेले असते. खुंटी पिळली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. बाहेरून मी कपाटासारखा शांत दिसत असलो तरी आत ही रस्सीखेच अहोरात्र चालूच असते. त्यामुळे माझा सूर आपोआप जागेवर राहत नाही. कोणीतरी तो राखावा लागतो.

मी पहिल्यांदा कामाला लागलो तो एका रुग्णालयात. बरे होत आलेल्या रुग्णांनी बसावे, चार घटका रमावे म्हणून तिथे एक हॉल होता. कोणी येऊन एका बोटाने काहीतरी वाजवी, कोणी नुसताच माझ्यावर पेपर ठेवून वाची. जेवणाच्या सुट्टीत एक तरुण नर्स येत असे. तिचे घड्याळ गणवेशाला उलटे टाचलेले असायचे. डावा हात झाकणावर ठेवून, उजव्या हाताने जेमतेम सूर धरून ती रेडिओवर ऐकलेली जॅझची गाणी म्हणायची. जॅझ म्हणजे काय, तर ठरलेले गाणे सगळ्यांनी मिळून सुरू करायचे, मग ज्याने त्याने आपापल्या पाळीला ते मनासारखे फुलवायचे, आणि शेवटी पुन्हा सगळ्यांनी एकत्र घरी यायचे. नर्सला साथीला कोणीच नव्हते. ती सगळ्यांच्या पाळ्या एकटीच गाऊन टाकायची.

पुढे रुग्ण वाढले, खाटा कमी पडू लागल्या आणि त्या हॉलचा वॉर्ड झाला. माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे ओल होती. माझ्या अंगावर चादरींची गाठोडी पडत होती, आणि एके दिवशी मला फोडून लाकूड वेगळे काढण्याचे ठरलेही. ते नर्सच्या कानावर गेले. तिने ओळखीच्या बेकरीवाल्याला गाठले, पावाची गाडी मागून घेतली आणि चार वॉर्डबॉय लावून मला या क्लबात आणले. मी उतरलो तेव्हा नखशिखान्त पिठाने माखलेला होतो. माझ्या एखाद्या फटीत ते पीठ अजूनही असेल.

त्या नर्सला पुढे सगळे ताई म्हणू लागले. रविवारची बैठक तिनेच सुरू केली. माझ्यापुढे बसायला भूगोलाचे मास्तर मिळाले. ड्रम वाजवायला तोच बेकरीवाला आला; त्याला सगळे पावशेठ म्हणतात. सॅक्सोफोन दातांच्या डॉक्टरांकडे होता. आठवडाभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणारा हा माणूस रविवारी स्वतःचे तोंड वाद्याला लावून बसतो, असे पावशेठ दर नव्या पाहुण्याला सांगत असत. क्लबचे सेक्रेटरी खुर्च्या मांडत आणि चहा बघत. ऐकायला शेजारपाजारची माणसे येत, लहान मुले येत, कोणी विणकाम घेऊन येई. कोणी फार मोठे वाजवणारे नव्हते, पण ठरल्या वेळी सगळे ठरल्या जागी असत.

बैठकीचा शेवट नेहमी ताईंच्या एका संथ गाण्याने होई. नावेची वाट पाहत नदीकिनाऱ्यावर थांबलेल्या बाईचे ते गाणे. शेवटच्या ओळीत सूर एकदम वर चढतो. तिथे पावशेठ ड्रमवर फिरवायचे तारांचे ब्रश उचलून धरीत, मास्तर हात काढून घेत, डॉक्टर थांबत, आणि ताईंचा एकटा सूर हॉलभर उभा राहत असे. मग हळूच सगळे खाली उतरत. ताई हे गाणे काळी दोनमध्येच, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून, गात. गाताना त्यांचा हात माझ्या झाकणावर आणि नजर मास्तरांच्या बोटांवर असे. त्यांनी सर्वांना सांगून ठेवले होते, "ज्या दिवशी हे गाणं खालच्या पट्टीत घ्यावं लागेल, त्या दिवशी माझं गाणं संपलं."

वर्षे गेली. ताई नोकरीतून निवृत्त झाल्या. एका रविवारी वरचा सूर त्यांनी गाठला खरा, पण ओढून गाठला. ते कोणी बोलून दाखवले नाही. मला दरवर्षी सूर लावायला येणाऱ्या सूरकाकांनी मात्र ते ऐकले होते. पुढच्या खेपेला त्यांनी नेमका सूर देणारा नादकाटा पिशवीतून काढलाच नाही. कानाने अंदाज घेत त्यांनी माझ्या सगळ्या तारा किंचित खाली घेतल्या. मास्तरांची बोटे त्याच पट्ट्यांवर पडत होती, फक्त सूर थोडा उतरला होता. ताईंचा आवाज मोकळा लागला. डॉक्टरांनी सॅक्सोफोनची मुखनळी जरा बाहेर ओढून जमवून घेतले. पुढे काकांनी मला एकदमच अर्ध्या सुराने खाली आणून ठेवले, तेव्हा डॉक्टरांनी घरी बसून सगळी गाणी नव्या बोटांनी पाठ केली. बाहेरचा कोणी वाजवायला आला की सेक्रेटरी त्याला दारातच गाठून सांगत, आमचा पियानो अर्ध्या सुराने खाली आहे, सांभाळून घ्या, आणि ताईंसमोर याची चर्चा नको. पाहुणे मान डोलावत. हा या क्लबचा रिवाजच होऊन बसला. ताईंना एवढेच वाटे की देवाने आपला गळा राखला.

मला स्वतःला काय वाटत होते, असे तुम्ही विचाराल. सैल तारांनी माझा आवाज थोडा मठ्ठ झाला होता, एवढेच सांगतो. जे वाजवले जाईल ते देणे माझे काम. कोणाला काय सांगायचे हे मी ठरवत नाही.

मग सूरकाकांचे हात थरथरू लागले आणि ते लेकीकडे राहायला गेले. त्यांच्या जागी एका बाईंना बोलावले गेले. इथे घोटाळा झाला. नव्या बाईंना मास्तर सांगतील असे सेक्रेटरींना वाटले, मास्तरांना वाटले डॉक्टर सांगतील, आणि डॉक्टरांना वाटले की ज्यांनी बोलावले तेच सांगतील. गुपित सगळ्यांनी इतके नीट सांभाळले की सांगायला हवे होते त्या एकाच व्यक्तीला ते कोणी सांगितले नाही. बाई कामाला चोख होत्या. त्यांनी नादकाटा गुडघ्यावर वाजवून कानाशी धरला, माझी पट्टी दाबली आणि कपाळाला आठी घातली. दोन खेपा घालून, एक तुटलेली तार बदलून, त्यांनी मला माझ्या मूळ जागी आणून ठेवले.

त्या रविवारी पहिल्याच गाण्यात डॉक्टर आणि मी समोरासमोर धडकलो. कळायचे ते डॉक्टर, मास्तर आणि पावशेठ या तिघांनाही क्षणात कळले. ताई हसून म्हणाल्या, "डॉक्टर, आज भुलीचं इंजेक्शन स्वतःलाच टोचलंत की काय?" डॉक्टरही हसले, पण त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. त्यांनी मुकाट्याने जुनी बोटे धरली. आज नावेचे गाणे राहू द्यावे, असे मास्तरांनी हळूच सुचवून पाहिले. ताईंनी ते हसण्यावारी नेले.

शेवटच्या ओळीत पावशेठने ब्रश उचलले, मास्तरांनी हात काढले, आणि ताईंचा सूर वर जाता जाता मधेच फाटला. झाकणावरचा त्यांचा हात मला घट्ट झालेला जाणवला. त्यांनी ओळ पुरी केली, शाल आवरली आणि "माझं झालं आता" एवढेच बोलून त्या गेल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. शेवटचे गाणे नसल्यामुळे बैठक कुठे संपवायची हेच कोणाला कळेना. लोक चहा पिऊन उठून जात. पावशेठचे म्हणणे, पियानो पुन्हा खाली आणा आणि ताईंना सांगा की त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती. मास्तरांना ते पटत नव्हते, पण ताईंच्या दारात जाऊन खरे सांगायचीही त्यांची छाती होत नव्हती. अखेर सूर लावणाऱ्या बाईंना पुन्हा निरोप गेला. बाईंनी सेक्रेटरींना बजावून सांगितले की माझ्या खुंट्या ज्यात बसतात ते लाकूड ओलीने आधीच दुबळे झाले आहे. आत्ताच वर चढवलेल्या तारा पुन्हा उतरवल्या तर पुढे सूर टिकेल याची हमी नाही. सेक्रेटरी म्हणाले, तरीही उतरवा.

बाईंनी माझे पुढचे फळकूट काढून बाजूला ठेवले होते आणि पहिल्या खुंटीला किल्ली लावली होती, एवढ्यात दार वाजले. ताई खुर्चीवरची आपली उशी आणि चष्म्याचे घर न्यायला आल्या होत्या. म्हणजे पुन्हा न येण्यासाठीच आल्या होत्या. मला असा उघडा पाहून त्या थांबल्या.

"काय झालंय याला?"

"काही नाही. उलट मीच आत्ता नीट केलाय," बाई म्हणाल्या. "कितीतरी वर्षं कुणीतरी अर्धा सूर खाली ठेवला होता. आता म्हणतात परत तिथेच न्या."

"कशासाठी?"

"कुणी गाणाऱ्या बाई आहेत म्हणे. त्यांना कळू न देता."

ताई माझ्याजवळ आल्या. मग म्हणाल्या, "काळी दोन वाजवा बरं." बाईंनी वाजवली. "आणि आधी ही कुठे बोलत होती?" बाईंनी शेजारची पांढरी दोन वाजवली. ताईंनी तो सूर गुणगुणून पाहिला. तो त्यांना सहज लागला. त्या खुर्चीवर बसल्या.

"किल्ली काढा," त्या म्हणाल्या. "त्याला आहे तिथेच राहू दे."

मित्रांनो, झाला प्रकार बाईंनी सेक्रेटरींना सांगितला, आणि त्यानंतरच्या रविवारी हॉलमध्ये कोणी कोणाकडे पाहत नव्हते. ताई येऊन नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. त्या रागावल्या होत्या, पण त्यांचा आवाज वॉर्डातल्यासारखा शांत होता.

"आजार झाला तर तो पेशंटला सांगायचा असतो. यासाठी मी आयुष्यभर रुग्णालयातल्या डॉक्टरांशी भांडले. आणि तुम्ही सगळे माझ्या उशाशी उभे राहून कुजबुजत होता."

"तुम्ही गाणं सोडाल अशी भीती होती, ताई," मास्तर म्हणाले.

"सोडलंच होतं. तुमच्यामुळे." मग त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळेही. खालची पट्टी नको, अशी अट घालायची काही गरज नव्हती. मास्तर, काळी एकमध्ये घ्या. अर्धा सूर नको, चांगला एक सूर खाली. मला ओढून गायचं नाही."

मास्तर माझ्या पट्ट्यांकडे पाहत राहिले. त्यांचे कान लाल झाले. "मला ते गाणं काळी दोनशिवाय येतच नाही," ते म्हणाले.

सगळे मास्तरांकडे पाहू लागले. मग पावशेठ म्हणाले, "इतकी वर्षं आम्ही समजत होतो ताई अडून बसल्यात. अडून बसली होती ती मास्तरांची बोटं." डॉक्टर हसले, सेक्रेटरी हसले, आणि शेवटी ताईंनाही हसू आवरेना.

"शिका," त्या मास्तरांना म्हणाल्या. "नकाशात नदी जरा दक्षिणेला सरकली असं समजा."

त्यानंतर शाळा सुटली की मास्तर थेट क्लबात येऊ लागले. चुकीच्या पट्ट्यांवर त्यांनी मला जेवढे बडवले, तेवढे रुग्णालयातल्या रुग्णांनीही बडवले नसेल. काळी एक त्यांना सहजासहजी वश झाली नाही. ताई उशी घेऊन शेजारी बसत आणि चूक झाली की नुसत्या "हं" म्हणत. एका रविवारी अखेर ते गाणे लागले. शेवटच्या ओळीला ब्रश वर गेले, मास्तरांनी हात काढून घेतले, आणि ताईंचा सूर एकटा उभा राहिला. तो पूर्वीपेक्षा खाली होता आणि त्याला कोणाचाही टेकू नव्हता. झाकणावरचा हात सैल होता. त्यांची नजर मास्तरांच्या बोटांवर नव्हती, समोरच्या माणसांवर होती.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. घरात, शाळेत, क्लबात माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला ओलीत ठेवू नका, त्याच्यावर कप ठेवू नका, वर्षातून एकदा तरी त्याचा सूर लावून घ्या. मी लाकूड आणि लोखंड आहे. माझा सूर कुठे लावायचा हे मला विचारावे लागत नाही. माणसाला मात्र विचारा. त्याच्यावर माया असेल तर आधी विचारा.

सूर लावणाऱ्या बाई आता दरवर्षी येतात. परवाच्या खेपेला ताई तिथे बसल्या होत्या. बाईंनी किल्ली हातात घेऊन थट्टेने विचारले, "बोला, कुठे लावू?"

"नादकाटा सांगेल तिथे," ताई म्हणाल्या. "माझं मी बघते."