तिखटाच्या गौरीची चूल

हंसाची पाळी गेली, याचा सगळ्यात जास्त आनंद तिच्या थोरल्या जावेला झाला. सुहासिनी मुद्दाम चांदीपहून रिक्षा करून चंदनसारच्या फ्लॅटवर आली, येताना हिरव्या बांगड्या आणि वाडीतली केळी घेऊन आली. हंसाच्या हातात बांगड्या भरता भरता म्हणाली, "सुटलीस गो बाय. आता गौरीची चूल तुझी. माझं गुडघं काय आता पाटावर बसू देत नाय."

एखाद्या बाईला बढतीचं पत्र असं घरपोच मिळालेलं हंसाने तरी ऐकलं नव्हतं. तिला रडूच आलं.

चांदीपच्या सासरच्या घराला आता स्लॅब आहे, टाइल्स आहेत, तीन बर्नरची शेगडी आहे. पण देवखोलीच्या शेजारी एक मातीची चूल राखून ठेवलेली आहे, आणि गौरीचा नैवेद्य तिच्यावरच होतो. ही गौर तिखटाची. तिला कोळंबी लागते, वडे लागतात, चिंबोरीचं कालवण लागतं. आणि हे सगळं रांधायला लागते अशी बाई, की जिची पाळी कायमची गेली आहे. बाकीच्या बायकांनी कांदे चिरावेत, भांडी घासावीत आणि उंबऱ्याच्या अलीकडे उभं राहून वास घ्यावा.

हंसाने तीस वर्षं वास घेतला.

तेवढ्यासाठीसुद्धा तिला गोळ्या खाव्या लागत. श्रावण सरत आला की तिचा नवरा काशीराम न सांगता केमिस्टकडे जायचा. काशीराम अंधेरीला विमा कंपनीत, म्हणजे धोका आधीच ओळखणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. दुकानदार त्याला लांबूनच विचारायचा, "भाऊ, गौरीच्या गोळ्या ना?" चिठ्ठी नाही, चौकशी नाही. हंसा गोळ्या खायची, पाळी लांबायची, गौर पाण्यात गेली की गोळ्या बंद करायच्या आणि तिसऱ्या दिवशी पाळी धो धो यायची. पोटात कळा, पायात गोळे, पण गौर निर्विघ्न.

एका वर्षी मात्र गोळीने दगा दिला. हंसा नारळ खोवून देत होती आणि मध्येच उठून मोरीत गेली. परत येऊन तिने खरं काय ते सांगितलं. सगळा नैवेद्य खाडीत गेला. सुहासिनीने पदर खोचला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा रांधलं. त्या वर्षी भाताला कीड लागली, एक म्हैस गेली आणि काशीरामचा चुलतभाऊ ग्रामपंचायतीला पडला. तिन्ही गोष्टी हंसाच्या नावावर जमा झाल्या. चुलतभावाला मतं का पडली नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण नैवेद्याचं कारण जास्त सभ्य होतं.

तर ती चूल आता हंसाची झाली होती. आणि नेमकं तेव्हाच तिच्या अंगाने फितुरी केली.

आधी घाम. डिसेंबरात पंखा पाचवर आणि काशीराम दोन चादरींत. मग झोप गेली. मग संध्याकाळ झाली की दंडांवर, पोटावर, मांड्यांवर लाल गांधी उठायला लागल्या. खाजवावं तशा पसरायच्या, जणू खाडीकाठच्या गावांचा नकाशा. अंगावर पित्त उठलं म्हटल्यावर वसई तालुक्यात वैद्य होण्यासाठी कुठलीही परीक्षा द्यावी लागत नाही. शेजारीण म्हणाली आमसुलाचं पाणी चोळा. वॉचमन म्हणाला घोंगडी पांघरा. काशीराम म्हणाला, "तू चिडतेस फार, त्याचं आहे ते." हंसाने आमसुलाचं पाणी इतकं चोळलं की तिच्या अंगाला कायम सोलकढीचा वास यायला लागला. घोंगडी पांघरून घामाने भिजली. चिडायची बंद काही झाली नाही.

शेवटी ती विरारला डॉक्टर रीमाकडे गेली. पोरगेलीच होती, पण ऐकून घ्यायची. तिने सांगितलं, "काकू, आपल्या कातडीत काही पेशी असतात, त्यांत हिस्टामीन भरलेलं असतं. या वयात हार्मोन वरखाली होतात, तेव्हा कधी कधी त्या पेशी विनाकारण ते सांडून टाकतात. मग गांधी येतात. यात तुमची काही चूक नाही."

तुमची काही चूक नाही, हे वाक्य हंसाने इतक्या वर्षांत प्रथमच ऐकलं, आणि तेही फी भरून.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, छातीचा फोटो काढला, रक्त पाहिलं. मग रोजची एक गोळी गांधींसाठी दिली आणि दुसरं पाकीट हार्मोनचं. म्हणाल्या, "याने घाम थांबेल, झोप येईल. गांधी बहुतेक कमी होतील, पण काहीजणींच्या वाढतात. तसं झालं तर लगेच मला सांगायचं. थोडे दिवस सुकी मासळी आणि कोळंबी नको." आणि मग, "पाकीट संपत आलं की थोडं रक्त दिसेल. ती पाळी नव्हे, गोळ्यांमुळे दिसतं ते. मनाने मध्येच बंद करू नका, नाहीतर भलत्याच दिवशी दिसेल."

हंसाने पर्समधून कालनिर्णयाचं पान काढलं. "गौरी कधी आहेत बघा हो जरा."

रीमाने पाहिलं, बोटांवर मोजलं आणि हसली. "गौरी पाण्यात गेल्या की त्यानंतर आठवड्याने दिसेल. तुमची देवी सेफ आहे."

महिन्याभरात हंसा झोपायला लागली. बाईला झोप लागली की घर कसं निराळंच दिसतं. गांधी विरल्या. ती आरशात बघून गुणगुणायला लागली. नैवेद्याची उजळणी करायला लागली. कोळंबीला कैरी सुकवलेली घालायची की ओली कोकमं, वड्याच्या पिठात बडीशेप किती. काशीरामला वाटे या पित्ताच्याच गोळ्या आहेत, आणि त्याने विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही.

गणपतीला सगळे चांदीपला गेले. चतुर्थीच्या संध्याकाळी आरतीला कापूर सापडेना. काशीरामने हंसाची पर्स उपडी केली. कापूर निघाला, आणि पाकीटही निघालं. पाकिटातला कागद त्याने चष्मा लावून वाचला. माणूस विम्याचा. बारीक अक्षर म्हटलं की त्याचा जीव तिथेच रमतो.

आरती झाल्यावर तो ओसरीवर आला. सुहासिनी खुर्चीत गुडघे चोळत बसली होती, शेजारी हंसा. त्याने पाकीट हंसापुढे धरलं.

"हे काय आहे?"

"गोळ्या," हंसा म्हणाली.

"हार्मोन लिहिलंय. आणि यात रक्तस्राव लिहिलाय. तुला पाळी येणार आहे?"

सुहासिनीचे हात गुडघ्यावरच थांबले. "काय म्हनता भावोजी? गेलेली पाली परत आनायच्या गोल्या? हार्मोन म्हंजे ते कोंबडीला टोचतात तेच ना?"

"जाऊबाई, तसं नाही. डॉक्टरीणबाईंनी दिवस बघून दिल्यात. गौरी गेल्यावर आठवड्याने थोडं दिसेल, बस. चालू ठेवल्या तर काही येत नाही."

"मग रिस्क कशाला?" काशीराम म्हणाला. "आजपासून बंद."

"अहो, बंद केल्या तरच येईल! तुम्ही तीस वर्षं आणून दिल्यात गोळ्या. बंद केल्या की तिसऱ्या दिवशी काय व्हायचं, तुम्हाला नको ठाऊक?"

काशीरामने तिच्याकडे समजूतदारपणे पाहिलं. दावा नामंजूर करताना तो गिऱ्हाइकाकडे असंच पाहतो. "हंसा, त्या साध्या गोळ्या होत्या. ह्या हार्मोनच्या आहेत."

"त्यासुद्धा हार्मोनच्याच होत्या!"

"वेडी का काय गो तू?" सुहासिनी म्हणाली. "त्या गौरीच्या गोल्या होत्या."

हंसाने डॉक्टरांना मेसेज केला. उत्तर लगेच आलं: अजिबात बंद करू नका. तिने फोन नवऱ्यापुढे धरला.

"डॉक्टर काय गौरी बसवते का तिच्या घरी?" काशीराम म्हणाला.

सुहासिनीने मग निकाल दिला. आवाज न चढवता, मायेनेच. "हे बघ हंसा, तुझ्या तब्येतीच्या आड मी येत नाय. खायच्यात तर खा गोल्या. पन मग चुलीपाशी बसू नको. काय ते तूच ठरव."

हंसाने रात्रभर ठरवलं. तीस वर्षं उंबऱ्याच्या अलीकडे काढली होती. एकदाच, फक्त एकदाच, त्या पाटावर बसायचं होतं. डॉक्टर चुकतही असतील. गोळ्या खरंच निराळ्या असतीलही. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की तो आपल्याच तीस वर्षांच्या अनुभवाला खोटं पाडायला तयार होतो. सकाळी तिने पाकीट काशीरामच्या हातात दिलं. त्याने गांधींची गोळीही ठेवून घेतली. घ्यायचंच तर सगळं.

दुसऱ्या संध्याकाळी गांधी परत आल्या. मानेवर, कानांमागे, मग ओठ सुजला. गौरी घरात आल्या तेव्हा ओवाळणाऱ्या हंसाचा चेहरा मुखवट्यापेक्षा जाड दिसत होता. सुहासिनीने प्रेमाने आमसुलं भिजत घातली.

आणि पूजेच्या दिवशी पहाटे, न्हाऊन, नवं लुगडं काढून ठेवलेलं असताना, मोरीत हंसाला जे दिसायचं ते दिसलं.

मग बाहेर येऊन तिने काशीरामला बाजूला बोलावलं आणि सांगितलं. चुलीवर अजून काही ठेवलेलं नव्हतं. कोळंबी सोललेली, चिंबोऱ्या टोपात, तीसेक माणसं दुपारी जेवायला.

काशीरामने पहिला प्रश्न विचारला, "कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"मग झालं तर. सांगू नकोस. बस रांधायला."

हंसाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "अहो, मी काय म्हणतेय कळलं का?"

"कळलं. आता आयत्या वेळी कोण करणार एवढं? देवीला सगळं कळतं. तिला काही एवढं नसतं."

दारात सुहासिनी उभी होती, हातात नारळ. तिने ऐकलं होतं. हंसाने तिच्याकडे पाहिलं. आता ही किंचाळेल, नारळ टाकेल, खाडीचं नाव काढेल. सुहासिनीने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग चुलीकडे, मग भिंतीकडे.

"माझ्या कानाला हल्ली नीट ऐकायला येत नाय," ती म्हणाली. "घे गो, नारल घे. उशीर व्हतो."

"जाऊबाई, त्या वर्षी अख्खा नैवेद्य खाडीत टाकलात."

"टाकला."

"म्हैस माझ्यामुळे मेली म्हणालात."

"म्हटलं असंल."

"मग आज?"

सुहासिनीला खोटं बोलता येत नसे, हा तिचा मोठा गुण. "तवा मला परत रांधता येत व्हतं," ती म्हणाली.

एवढंच. हंसाला एकदम सगळ्या गोळ्या आठवल्या, सगळ्या कळा, उंबऱ्याच्या अलीकडे उभं राहून घेतलेला सगळा वास. इतकी वर्षं ती ज्याला डोंगर समजत होती ते दार होतं, आणि ते आतून नुसतं लोटलेलं होतं. आतल्यांना गरज पडली की एका बोटाने उघडणारं.

पाट समोर मांडलेला होता. बसायचा तेवढा अवकाश.

"मला अडचण आहे," हंसा मोठ्याने म्हणाली, इतक्या मोठ्याने की ओसरीवर पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवले. "मी शिवणार नाही कशाला. गौरीचं आहे. रीत म्हणजे रीत."

"हंसा!" काशीराम दबक्या आवाजात ओरडला.

"मागच्या पायरीवर बसते. ताट लांबून सरकवा."

आणि ती मागे जाऊन केळीखाली पायरीवर बसली, खाजवत.

आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. मग सुहासिनीचा: "भावोजी, तेल तापू द्या आधी! अवो, कोलंबी हाय ती, विमा नाय, एवढा काय इचार करता!" मग फोडणीचा वास आला. करपल्याचा येईल म्हणून हंसा नाक उघडं ठेवून बसली होती. करपल्याचा आला नाही.

दुपारी माणसं आली. नैवेद्य काशीरामने केलाय ही बातमी पंगतीत पसरली, तशी पंगत उठून चुलीकडे बघायला गेली. चुलतभाऊ, तोच तो पडलेला, म्हणाला, "पुरुषमाणूस असून एवढं सोवळं सांभाळलं, साधी गोष्ट हाय?" काशीरामचा चुलीपाशी बसलेला फोटो काढून कुणी तरी गावच्या ग्रुपवर टाकला. दोन म्हाताऱ्यांनी त्याचा हात हातात घेऊन कपाळाला लावला. तू त्या पाटावर कसा बसलास, असं त्याला कुणीही विचारलं नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तो घामाघूम, पण तजेलदार चेहऱ्याने मागच्या दारी आला. ताट त्याने स्वतःच्या हाताने, पुरेसं लांबून, पायरीवर सरकवलं.

"सगळे म्हणतायत पुढच्या वर्षीही मीच करायचं," तो म्हणाला. "वैनींनी बांगड्यांऐवजी मला उपरणं दिलं. तुलाही बरंच झालं की. तू घे आता तुझ्या गोळ्या खुशाल."

त्याने खिशातून पाकीट काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. मग आतून कुणी तरी हाक मारली म्हणून तो घाईने गेला.

कोळंबी खाल्ली की रात्री डोळे मिटतील इतकी सूज येणार, हे हंसाला ठाऊक होतं. तिने घास घेतला. सावकाश चावला. कुठे तरी काही तरी चुकलं असेल, खारट असेल, कच्चं असेल, म्हणून दुसराही घेतला.

मीठ अगदी बरोबर पडलं होतं.