जुन्या घाटाने येतोय

“नव्या रस्त्याने गेलो तर दुपारच्या चहाला तुझ्या आईच्या दारात!” असं म्हणत नवऱ्याने फोन तिच्या नाकासमोर धरला. नकाशावरची निळी रेघ डोंगराच्या पोटातून आरपार गेली होती. “बोगदा झाल्यापासून घाट चढायची भानगडच नाही बघ.”

ती ओट्याशी भांडी पुसत होती. हातातलं भांडं तसंच धरून म्हणाली, “पण मी तर लिहून बसलेय, जुन्या घाटाने येतोय म्हणून.”

“कुठे लिहून बसलीस?”

“ब्लॉगवर.”

“अगं, तो जिवंत आहे अजून?”

ती हसली. रागवायला जागाच नव्हती, कारण ब्लॉगची अवस्था खरोखरच तशी होती.

ती एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. सकाळी दार उघडायच्या आतच उपाशीपोटी आलेल्या, वैतागलेल्या माणसांची रांग लागलेली असायची. त्यांना एकेक करून खुर्चीत बसवायचं, दंडाला पट्टा बांधायचा, ‘मूठ वळा’ म्हणायचं, शीर शोधायची, सुई घालायची, ‘झालं, सोडा मूठ’ म्हणायचं. दिवसभर हेच. पण तिला माणसं बघायची खोड. सुई टोचताना कोण कुठे बघतं हे ती टिपत राहायची. कुणी छताकडे, कुणी बायकोकडे. एक आडदांड पैलवान गडी तर डोळे गच्च मिटून म्हणाला होता, “ताई, तुम्हाला पण भाऊ असेल ना? त्याची आठवण ठेवून टोचा.” ते सगळं ती ब्लॉगवर लिहायची. ब्लॉगचं नावही ‘मूठ वळा’. सुरुवातीला आठवड्याला एक लेख हमखास व्हायचा. मग महिन्याला एक. मग लॅबची दुसरी शाखा निघाली, लेकीची शाळा, नवऱ्याच्या पाळ्या, आणि आज लिहू उद्या लिहू करता करता सगळं बारगळलं.

खरं तर तो ब्लॉग सुरू झाला तो अण्णांमुळे. अण्णा म्हणजे तिचे वडील, रस्ते खात्यातले मुकादम. सगळा जन्म घाटात सुरुंगांच्या आणि खडी फोडणाऱ्या यंत्रांच्या आवाजात गेला आणि निवृत्त होईतो कानांनी पार हात टेकले. “आवाज येतो गं, शब्द येत नाहीत,” असं म्हणून त्यांनी फोनवर बोलणंच सोडून दिलं. तेव्हा तिने त्यांना टॅब नेऊन दिला होता, अक्षर चांगलं मोठं करून. “अण्णा, इथे बोट ठेवायचं की मी काय लिहिलंय ते दिसतं,” असं शिकवलंही होतं. अण्णांनी मान डोलावली होती. पण त्यानंतर ब्लॉगबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. बरं आहे म्हणून नाही, वाईट आहे म्हणून नाही. सुट्टीत घरी गेल्यावर टॅब कपाटावर दिसायचा, फडक्यात गुंडाळलेला. वाचत नसणार, असं तिने धरून टाकलं. म्हाताऱ्या माणसाला कशाला विचारून लाजवा?

वाटलं होतं तितकंही ओसाड नव्हतं तिथे. कधीमधी ब्लॉग उघडला तर दिसायचं, रोज न चुकता एक जण येऊन जातोय.

“माझा एक चाहता आहे बघ,” ती नवऱ्याला म्हणाली होती.

“यंत्र असेल. अशी यंत्रं फिरत असतात नेटवर. त्यांना काय, बंद दुकानातही डोकावतात,” नवरा म्हणाला, आणि तिला ते पटलं.

भांडी आवरून ती टेबलाशी बसली आणि तिने ब्लॉग उघडला. सगळ्यात वर, मागच्या वर्षीपासून, तोच शेवटचा लेख होता:

‘येत्या सुट्टीत गाडी घेऊन घरी येतोय. जुन्या घाटाने. बोगद्याचं कौतुक इतरांना असू दे. लेकीला तिच्या आजोबांचा रस्ता दाखवायचा आहे, एकेक वळण, एकेक कठडा.’

लिहिलं तेव्हा स्वतःवर किती खूश होती! आणि त्या सुट्टीत निघायच्या आदल्या दिवशी लेक तापाने फणफणली. आईला फोन करून सांगितलं, येत नाही. पुढच्या सुट्टीत नवऱ्याला रजा मिळाली नाही. तेव्हाही फोन केला. ब्लॉगवर लिहायचं कुणाच्या डोक्यात होतं?

दोन ओळी टाकाव्यात असं तिला आत्ता फार वाटलं. नव्या रस्त्याने येतोय, बास. पण पासवर्ड आठवेना. नवा मागवला तर तो कधीच बंद केलेल्या नंबरावर जायला लागला. नवरा बॅगेत काय भरायचं ते विचारत होता, लेक पोहायचा पोशाख हरवला म्हणून भोकाड पसरून बसली होती. ‘जाऊ दे,’ ती मनाशी म्हणाली, ‘पोचल्यावर निवांत लिहू. फोटोंसकट.’

तिने आईला फोन लावला. “नव्या रस्त्याने येतोय गं. अण्णांना सांग नीट.”

“सांगते. ऐकतील तर शपथ!” आई म्हणाली आणि दोघी हसल्या.

प्रवास छान झाला. उगाच खोटं कशाला सांगा? लेकीने गाणी म्हणून डोकं उठवलं, नवरा एकदाही रस्ता चुकला नाही. बोगद्यात शिरल्यावर लेक म्हणाली, “आई, आपल्या डोक्यावर काय आहे आत्ता?”

“डोंगर.”

“आणि त्याच्या डोक्यावर?”

“आजोबांचा रस्ता,” ती म्हणाली. बोलता बोलता तिने मान वर करून गाडीच्या टपाकडे पाहिलं. पण तेवढ्यात बोगदा संपला, लख्ख ऊन डोळ्यांवर आलं आणि नवरा विजयी मुद्रेने म्हणाला, “बघ! चहाला पोचतोय की नाही?”

आई फाटकातच उभी होती. नातीला कुशीत घेऊन तिने गाडीत डोकावून पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं.

“हे भेटले नाहीत तुम्हाला?”

“कोण, अण्णा? कुठे भेटणार?”

“म्हणजे तुम्ही बोगद्यातूनच आलात?”

“आई, फोनवर सांगितलं होतं ना तुला!”

“तू मला सांगितलंस गं. मी त्यांना सांगितलं. ओरडून सांगितलं, शेजारच्यांना कळलं पण त्यांना नाही कळलं. शेवटी कागदावर लिहून दाखवलं.” आईने पदर कपाळावरून फिरवला. “तर म्हणाले, हे तुझं अक्षर. तिने लिहिलेलं असेल तर दाखव.”

‘लेखी आहे का?’ हा अण्णांचा ठेका घरात थट्टेचा विषय होता. नोकरीत असताना एकदा साहेबाने तोंडी सांगितलं म्हणून त्यांनी घाट बंद केला होता, आणि बोभाटा झाल्यावर साहेब सरळ ‘मी नाही सांगितलं’ म्हणून मोकळा झाला होता. ठपका आला अण्णांवर. तेव्हापासून तोंडी शब्दावर रस्ता उघडायचा नाही की बंद करायचा नाही. शाळेच्या सहलीला जायचं तरी अण्णा म्हणायचे, “लेखी आण.” मग ती चिठोऱ्यावर ‘मी सहलीला जात आहे’ असं लिहायची आणि ते गंभीर चेहऱ्याने खाली सही करायचे. हे सगळं तिला पाठ होतं. तिच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं.

“पण ते वाचतात?” तिने विचारलं. “माझा ब्लॉग?”

“हे काय विचारणं? सकाळी तोंड धुतलं की आधी ते. नवीन काही नसलं तरी उघडून बघतात. चष्मा लावून, मांडी घालून. कुणी मध्ये बोललेलं चालत नाही.” आईचा आवाज जरा उतरला. “आणि ते बघून झालं की पहार, फावडं, घमेलं स्कूटरला बांधायचं आणि चालले घाटात. मागच्या वर्षीपासून चाललंय. बोगदा झाल्यापासून खात्याने तो रस्ता सोडून दिलाय. दगड पडतात, खड्डे पडलेत. म्हणतात, पोरीची गाडी नवी आहे, टायर फुटेल. नोकरीत होते तेव्हा इतक्या वेळेवर गेले नाहीत कधी.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“म्हटलं, जीव रमतोय तर रमू दे. आणि तू येणारच होतीस की, घाटाने.”

नवऱ्याने गाडीची चावी काढून तिच्या हातात दिली. तो नेहमी विनोद करायचा, पण आता नाही केला. “मी येऊ?” एवढंच त्याने विचारलं. तिने नको म्हणून मान हलवली.

घाटाच्या पायथ्याशी खात्याची पाटी होती, रंग उडालेली: ‘रस्ता वापरात नाही.’ तिने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि आता दणके बसणार म्हणून चाक घट्ट धरलं. एकही दणका बसला नाही. खड्ड्यांत मुरूम भरून धुम्मसाने ठोकून घट्ट बसवलेला होता. कडेचं गवत सरळ रेषेत कापलेलं. कोसळून आलेले दगड डोंगराच्या बाजूला रचून ठेवलेले, लहानावर लहान, मोठ्यावर मोठा, खात्याच्या जुन्या शिस्तीत. कठड्यांना चुना लावला होता. अवघड वळणांवर तर दोन हात दिले होते. दुपार कलली होती आणि तो पांढरा चुना उन्हात डोळे दिपवत होता. तिचे डोळे भरून आले ते काही चुन्यामुळे नाही. सत्तरीच्या पुढचा माणूस. एकटा. आणि ती पासवर्ड आठवत नाही म्हणून उठली होती.

माथ्यावर अण्णा होते.

शेवटच्या कठड्यावर बसले होते, तिच्याकडे पाठ करून. खात्याचा जुना खाकी सदरा इस्त्री करून घातलेला. शेजारी स्कूटर, स्कूटरला न उघडलेला डबा. मांडीवर दोन निशाणं गुंडाळून ठेवलेली, एक लाल, एक हिरवं. पलीकडच्या उतरणीवरचा रस्ता माथ्यावरून लांबवर दिसतो. ज्या बाजूने ती यायला हवी होती, त्या बाजूला ते बघत होते. कपाळावर हात आडवा धरून. मग हात खाली घ्यायचे, थोड्या वेळाने पुन्हा धरायचे.

तिने गाडी थांबवली, दार जोरात लावलं. ते वळले नाहीत.

“अण्णा!”

काही नाही. ती तिथेच उभी राहिली. मागून आलेली गाडी त्यांना ऐकू गेली नव्हती, आणि समोरून तर काहीच येणार नव्हतं. आपण आत्ता पलीकडे असायला हवं होतं, त्या खालच्या वळणावर, आणि लेकीने खिडकीतून हात हलवायला हवा होता. एवढं साधं होतं. दोन ओळी लिहिल्या असत्या तरी चाललं असतं. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी शाळेतल्या पोरीसारखी.

शेवटी तिने जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. अण्णा दचकून वळले. तिला बघून चेहरा असा काही उजळला की तिला तोही बघवेना. मग त्यांची नजर तिच्या मागे गाडीकडे गेली. गाडीचं तोंड चढाकडे होतं, घराकडे पाठ. मुकादमाला आणखी काय सांगावं लागतं?

“बोगद्यातून आलात होय,” ते म्हणाले.

ती त्यांच्या कानाशी वाकली. “चुकलं माझं, अण्णा. मी लिहायला हवं होतं.”

“काय?”

“लिहायला हवं होतं!” ती ओरडली. डोंगराने तेच पुन्हा म्हणून दाखवलं.

“असतात कामं माणसाला,” ते म्हणाले आणि निशाणं उगाचच पुन्हा घट्ट गुंडाळायला लागले. “मी रोज उघडून बघायचो. तेच असायचं. म्हटलं, हुकूम कायम आहे.”

“पण तुम्ही कधी बोलला नाहीत. वाचता म्हणून. एका शब्दाने नाही!”

हे त्यांना पहिल्या खेपेला ऐकू गेलं. “छे गं,” ते म्हणाले. “मुकादमाने कागद वाचायचा असतो. शेरा मारायचा नसतो.” मग दुसरीकडे बघत म्हणाले, “तो पैलवान मात्र फक्कड होता. भावाची आठवण काढणारा.”

ती रडायला लागली. त्यांनी तिला रडू दिलं. डब्याबरोबरच्या बाटलीतलं पाणी दिलं. मग उठून गाडीभोवती फेरी मारली, चारही चाकांवर बूट आपटून पाहिलं.

“दगड नाही ना लागला कुठे?”

“नाही, अण्णा. एक पण नाही.”

“मग झालं,” ते म्हणाले. “वळव गाडी. खाली पोर वाट बघत असेल. तू हो पुढे, मी स्कूटर घेऊन येतो मागून.”

तिने गाडी वळवली. तोवर अण्णा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते. त्यांनी उताराकडे एकदा निरखून पाहिलं, लाल निशाण काखेत धरलं आणि हिरवं उघडून, हात पूर्ण लांब करून, तिला दाखवलं. ती त्यांच्या शेजारून हळूहळू पुढे गेली. ते तिच्याकडे बघत नव्हते. खात्यात असताना बघायचे तसे, रस्त्याकडे बघत होते.

पहिल्या वळणानंतर तिने आरशात पाहिलं. स्कूटर येत होती. मध्येच थांबली. अण्णा उतरले, आत्ताच कुठूनसा घरंगळून आलेला एक दगड त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, कडेच्या रांगेत त्याच्या मापाची जागा शोधून नीट बसवला, हात झटकले आणि पुन्हा स्कूटरवर बसले.