लाल कॅनमधलं पेट्रोल

मिस्त्रीच्या सासऱ्यांची लाकूड कापायची चेनसॉ बावीस वर्षं पोटमाळ्यावर पडून होती. मेहुण्यानं ती पोत्यात गुंडाळून आणली आणि त्याच्या दुरुस्तीच्या शेडमधल्या बाकावर धाडकन ठेवली. बारा किलोचं धूड. पंख्याच्या झाकणात उंदरानं घर केलेलं, कार्बुरेटरमध्ये जुनं पेट्रोल वाळून वार्निशसारखं चिकटलेलं.

"दाजी, ही चालू झाली तर मिशी काढीन," मेहुणा म्हणाला.

"तुझी मिशी घेऊन मी काय करू? ब्रशलासुद्धा पुरायची नाही."

मिस्त्रीची बायको जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. मेहुणा तिचा धाकटा भाऊ. तिच्या माहेरचं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि ते यायला लागलं ते या मशीनच्या निमित्तानं. बापाची म्हणावी अशी दुसरी वस्तू मेहुण्याकडे नव्हती. घर विकताना बाकी सगळं गेलं.

मिस्त्रीनं मशीन उघडून बघितलं आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ज्या कारखान्यात ही झाली तो कधीच बंद पडला. बाकी काहीही जमवीन, पण हिचा पिस्टन कुठे मिळणार नाही. पिस्टन गेला की मशीन गेलं, हे डोक्यात ठेव."

"तुम्ही असताना कसा जाईल?" मेहुणा म्हणाला.

मग दीड महिना काम चाललं. मिस्त्रीनं कार्बुरेटर उकळत्या पाण्यात घालून, बारीक तारेनं टोकरून साफ केला. त्यातला रबरी पडदा कडक झाला होता, तो नवा कापून बसवला. इंजिनातले ठिणगी पाडणारे पॉइंट घासले. पेट्रोलची नळी बोट लावताच तुकडे होऊन पडली, ती बदलली. साखळीचा एकेक दात गोल कानशीनं धारेला आणला. मेहुणा दर रविवारी यायचा, स्टुलावर बसायचा आणि नको तिथे नाक खुपसायचा. एकदा त्यानं एक स्क्रू हरवला आणि दोघं तासभर गुडघ्यांवर बसून तो शोधत होते. स्क्रू मेहुण्याच्याच चपलेत निघाला. कामाच्या नादात दिवस बरे जात होते. बायकोचा विषय दोघांपैकी कुणी काढत नव्हतं.

सातव्या रविवारी सकाळी मशीन बाहेर अंगणात आणलं. एक जाडजूड ओंडका आडवा टाकून ठेवला होता. मिस्त्रीनं फळीवरचा लाल कॅन काढला, नरसाळं लावलं आणि टाकी भरली. मेहुणा तेवढ्यात साखळी उलटी तर बसवली नाही ना, असं विचारत होता. मिस्त्री त्याला "तुझं डोकं उलटं बसलंय" म्हणत होता. हसता हसता त्यानं टाकीचं झाकण लावलं.

तीन वेळा दोरी ओढली, काही नाही. चौथ्या वेळी मशीन खोकलं, निळसर धूर सोडला आणि चालू झालं. मेहुणा उडीच मारायचा बाकी राहिला. मिस्त्रीनं थोडा वेळ ते सावकाश चालवलं, मग ओंडक्याला लावलं. भुसा फवाऱ्यासारखा उडाला. पहिली चकती पडली. दुसरी अर्धी झाली आणि आवाज बदलला. जाड होता तो बारीक झाला, वर चढला, किंचाळल्यासारखा झाला. मिस्त्रीनं बटण दाबायच्या आत मशीन थांबलं.

त्यानं दोरी ओढली. दोरी हललीच नाही.

"काय झालं?" मेहुणा म्हणाला.

मिस्त्रीनं टाकीचं झाकण काढून आत बघितलं. मग कॅनमधलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरलं. पाण्यासारखं स्वच्छ होतं. हिरवं दिसायला हवं होतं.

या मशीनच्या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमध्येच ते मोजून मिसळावं लागतं, नाहीतर पिस्टन आत कोरडा घासतो, तापतो आणि सिलिंडरला चिकटतो. हे मिस्त्रीला झोपेतही ठाऊक होतं. पण एकतीस वर्षं पंपावरून कॅन भरून आणायचं काम त्याचं आणि ऑइल मिसळायचं बायकोचं. तो कॅन फळीवर ठेवायचा. ती दुपारची भांडी आवरून शेडमध्ये यायची, ते हिरवं ऑइल मोजून घालायची, कॅन हलवायची आणि परत ठेवायची. फळीवरचं पेट्रोल म्हणजे मिसळलेलंच, म्हणून कॅनवर खूणही नव्हती. तिनं शेवटचं मिसळलेलं परवा संपलं होतं. काल तो पंपावर गेला, कॅन भरून आणला आणि नेहमीसारखा फळीवर ठेवला.

"जुनं झालं होतं, दाजी," मेहुणा हळूच म्हणाला. "लोखंड ते. बावीस वर्षं पडून होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मेहुण्याला इंजिनातलं काही कळत नव्हतं. मान हलवली असती तर विषय तिथेच मिटला असता. मिस्त्रीनं बाटली ओंडक्यावर ठेवली.

"लोखंडाचा दोष नाही. मी ऑइल घातलं नाही."

"म्हणजे?"

"पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं असतं. ते तुझी ताई करायची. मी कधी केलंच नाही."

मेहुण्याचा चेहरा लाल झाला.

"तीस वर्षं ती करत होती, आणि ती गेल्यावर ते कुणीतरी करायला हवं, एवढं तुमच्या लक्षात आलं नाही?"

"नाही आलं."

"तुमच्या लक्षात काय येतं हो?"

मेहुण्यानं शर्टावरचा भुसा झटकला आणि गाडी काढून निघून गेला. मशीन न्यायलासुद्धा थांबला नाही.

मिस्त्रीनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे कॅनमध्ये ऑइल मोजून घातलं. मग सिलिंडर उघडला. पिस्टनच्या एका बाजूला उभे ओरखडे होते आणि त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला फासल्यासारखं लागलं होतं. पिस्टनभोवतीची रिंग खाचेत रुतून बसली होती. पिस्टनला तडा नव्हता. तो त्यानं तीनदा भिंगातून बघितला.

फरशी धुवायचं ॲसिड काडीला कापूस गुंडाळून लावायचं, फेस आला की पुसायचं, परत लावायचं. सिलिंडरच्या आतल्या क्रोमच्या मुलाम्याला धक्का न लागता ॲल्युमिनियम तेवढं सुटायला हवं. त्याला चार दिवस गेले. पिस्टन बारीक पॉलिश पेपरनं घासला, जिथे ओरखडा खोल होता तिथे सोडून दिला, कारण जास्त घासलं तर ढिला झाला असता. रिंग दुसऱ्या एका मशीनची कापून बसवली. रविवारपर्यंत सगळं जोडून झालं.

त्यानं मेहुण्याला फोन केला. "झालंय. चालेल की नाही, सांगता येत नाही. तुझ्यासमोर चालू करतो."

पलीकडून "येतो," एवढं ऐकू आलं.

मेहुणा आला तो स्टुलावर बसला नाही. अंगणात उभा राहिला. मिस्त्रीनं कॅन उचलला तसा म्हणाला, "आधी दाखवा."

मिस्त्रीनं बाटलीत ओतून दाखवलं. मेहुण्यानं बाटली सूर्याकडे धरली, वासही घेतला, जसं काही त्याला वासातलं कळतं.

"भरा."

सहाव्या ओढीला मशीन चालू झालं. आवाजात थोडी खरखर होती. मिस्त्रीनं पाच मिनिटं ते नुसतं चालू ठेवलं, हाताच्या पाठीनं सिलिंडरची धग बघत. मग ते मेहुण्याच्या हातात दिलं. मेहुण्यानं आयुष्यात चेनसॉ धरली नव्हती. मिस्त्रीनं मागून त्याचे हात धरून ती ओंडक्यावर टेकवली आणि सोडून दिली. एक चकती पडली. दुसरी पडली, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. मेहुणा थांबेना. कापता कापता त्याचे डोळे वाहत होते, आणि मशीन हातात असल्यामुळे ते पुसता येत नव्हते. मिस्त्रीनं दुसरीकडे बघितलं. ओंडका संपला तेव्हाच मशीन बंद झालं.

मेहुण्यानं ते पोत्यात गुंडाळून गाडीत ठेवलं आणि दार लावलं.

"साखळीची धार किती दिवस टिकेल?"

"नीट कापलंस तर दोन-तीन महिने."

"आणि आत्ता कापलं तसं कापलं तर?"

"मग पुढच्या रविवारी घेऊन ये."

"घेऊन येतो," मेहुणा म्हणाला आणि गाडी सुरू केली.