टिटवीची चार अंडी आणि तात्याबांचा पाऊस

मी टिटवी बोलतेय. बोलतेय कसली, ओरडतेय! हळू बोलणं आमच्या जातीत नाही. माझा आवाज कानावर पडला की माणसं म्हणतात, आता कुणाचं तरी बरंवाईट होणार. अहो, मी ओरडते ती माझ्या पिलांसाठी. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांशी माझं काय वैर?

माझा जन्म कळसच्या माळावरचा. घरटं म्हणाल तर काडी नाही की पान नाही. चार खडे सारून केलेली खळगी. अंड्यातून बाहेर आले आणि थोड्या वेळात पळायलाच लागले. आईनं इशारा केला की जागच्या जागी दबून बसायचं, हे पहिलं शिक्षण. शेजार चांगला होता. कुसळी गवतात हरणं चरायची, ससे असायचे, आणि मान ताठ करून फिरणारा माळढोक तर आमच्याकडे बघतही नसे. मुंगसाचं मात्र नाव काढू नका.

मोठी झाले, जोडीदार मिळाला, आणि आम्ही सणसरकडे सरकलो. तिथं कालव्याचं पाणी होतं आणि ओल्या रानात किडे मुबलक. साखर कारखाना निघणार म्हणून पारावर गप्पा रंगायच्या, ते दिवस. जो तो माळ फोडून रान करत होता. तिथल्या कुंडलिक नावाच्या शेतकऱ्यानंही एक तुकडा वांग्यांसाठी तयार केला होता. त्याच्या खालच्या अंगाला, खोलगट जागी, थोडे खडे राहिले होते. मला ते आवडले. वैशाखात मी तिथं चार अंडी घातली.

आता माणसांची एक खोड सांगते. माझी अंडी दिसली की ती त्यात पाऊस वाचतात. उंचावर घातली तर पाऊस भरपूर, खोलगट जागी घातली तर कमी. टोकं जमिनीकडं असली तर जितकी अंडी तितके महिने पाऊस. खरं सांगू? मला पावसातलं ओ की ठो कळत नाही. मी फक्त खडे बघते.

अंडी उबवून तीन आठवडे झाले होते, आणि कुंडलिकची पाण्याची पाळी दुसऱ्या दिवशी होती. त्याची बायको प्रयागबाई सऱ्या नीट करायला आली आणि तिला मी दिसले.

"अवो, हितं टिटवीची अंडी हायती. पानी सोडलं तर बुडतील."

"पाळी चुकली तर रोपं जातील," कुंडलिक म्हणाला. "टिटवीसाठी पाट थांबनार हाय व्हय?"

प्रयागबाई वाद घालत बसली नाही. खोरं घेऊन तिनं अंड्यांभोवती मातीचा वीतभर बांध घातला, थापटून पक्का केला, आणि निघून गेली. जाताना वळूनही बघितलं नाही. शहाणी बाई!

कुंडलिकचे वडील, तात्याबा, हे सगळं बघत होते. अंड्यांची जागा बघून त्यांचा चेहरा उतरला.

"तुमाला पाट हाय," ते लेकाला म्हणाले. "माझी छबू कळसला दिलीया. तितं तिला आभाळाबिगर कोन हाय?"

सकाळी पाणी आलं. टिटवी समुद्र आटवते म्हणे! मला तर पाटाचं पाणी बघूनच धडकी भरली. पण बांध टिकला. पाणी त्याला वळसा घालून पुढं गेलं आणि मी निवांत बसले. तेवढ्यात तात्याबा चिखल तुडवत आले. मी ओरडले, त्यांच्या पटक्यावर झेपावले. त्यांनी चारही अंडी धोतराच्या सोग्यात घेतली आणि वरच्या उंच बांधावर नेऊन ठेवली. टोकं खाली करून, बरं का! लेकीला पाऊस मिळावा म्हणून. मग अंड्यांना ऊन लागेल म्हणून पटका सोडला आणि सावली धरून तिथंच बसले.

मी रिकाम्या खळगीत बसून राहिले. अंडी बांधावर दिसत होती, पण शेजारी माणूस होता. अंडी गार ठेवायला दोनदा पोट भिजवून गेले, दोनदा परत फिरले. ऊन चढलं. तरी म्हाताऱ्यानं पटका खाली घेतला नाही. मला त्यांचा संताप आला होता, आणि कीवही येत होती.

दुपारी प्रयागबाई भाकरी घेऊन आली.

"मामंजी, ह्ये काय केलं वो?"

"सावली धरलीया. ती येईल बग आता."

"तुमी हितं हाय म्हनून ती येत न्हाय. उठा."

"आगं, पर छबूचं रान..."

"वन्संचा पाऊस अंड्यात न्हाय, मामंजी. अंड्यात पिल्लं हायती."

तात्याबा हळूहळू उठले. प्रयागबाईनं अंडी परत खळगीत ठेवली. ती वरच्या बांधापर्यंत पोचायच्या आत मी अंड्यांवर बसले होते.

सहाव्या दिवशी दोन पिलं बाहेर आली. दोन अंडी त्या दिवशीच्या उन्हानं गेली होती, ती तशीच राहिली. पिलं पळायला लागली आणि मला त्यांच्यामागं जावं लागलं. संध्याकाळी तात्याबा आले, त्या दोन अंड्यांपाशी उकिडवे बसले आणि कितीतरी वेळ हलले नाहीत. त्या साली कळसला पाऊस कसा झाला, मला माहीत नाही.

आता माझं वय झालं. सणसरभोवती ऊस वाढतोय आणि खडे कमी होत चाललेत. तरी दरसाल मी कुठंतरी जागा शोधते. तात्याबा अजून रानात येतात. मी दिसले की लांबच थांबतात, काठीवर भार देतात आणि मी गप्प होईपर्यंत दुसरीकडं बघत राहतात. कुणालाही जवळ येऊ देत नाहीत.

माझं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. आमची माया आली, तर दहा पावलं मागं सरा. एवढं शिकायला तात्याबांना माझी दोन पिलं लागली. तुम्हाला लागू नयेत.