हार्डनर जरा जास्तच

माझा नवरा प्रणय पुंडलिकनगरातल्या आमच्या हॉलमध्ये मासे धरायचा रॉड बनवतोय. रॉडवर कड्या बांधायला गुंडाळलेल्या दोऱ्याला त्यानं इपॉक्सी, म्हणजे दोन बाटल्यांतलं मिसळून करायचा गोंद, लावलं. त्यावर धूळ बसू नये म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद! राळ आणि हार्डनर समसमान घ्या, असं बाटलीवर लिहिलेलं. पण हा शहाणा म्हणतो, "हार्डनर जरा जास्त टाकलं की लवकर वाळतंय."

इपॉक्सी ओघळू नये म्हणून रॉड मोटरवर हळूहळू फिरत ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारीही ते चिकटच, अन् पंखाही बंदच. घामानं मी लई वैतागलेली. वाळलं का बघायला हा वाकला अन् मिशीच चिकटली. रॉड फिरतच होता.

"विशाखा, मोटर बंद कर!"

मी पळत गेले. आधी पंखा लावला.