शेवाळ म्हणालो तेव्हा

मंगळवारी सकाळी हिराने पाटी माझ्या ओट्यावर टेकवली आणि पापलेटांच्या शेजारून पाण्याची बाटली काढली. ती सातपाटीहून पालघरला मासे विकायला येते. माझ्याकडे येते त्याला अकरा वर्षं झाली. बाटलीतलं पाणी पातळ चहासारखं तांबूस होतं.

“सर, हे तुमच्या दुर्बिणीत बघा. आमच्या खाडीचं हाय. सगळी बोलतात, कुठल्या तरी कंपनीने रंग सोडलाय.”

कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. तिथला मोडीत निघालेला सूक्ष्मदर्शक निवृत्त होताना मी मागून घेतला. हिरा त्याला दुर्बीण म्हणते. मी कधी दुरुस्त केलं नाही.

“रंग निघाला तर?”

“तर शिंपल्या फेकीन. काल ओहोटीला दोन पाट्या भरल्या. आमचे शेठ वाट बघत बसलेत.” शेठ म्हणजे तिचा नवरा नामदेव, दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी.

मी थेंब काचेवर घेतला. रंग नव्हता, जीव होते. चार-चार, आठ-आठ एकामागे एक जोडलेले, प्रत्येकाच्या कमरेला खाच, गरगर फिरत पुढे जाणारे. यांच्यावरून आमच्या दोन विभागांत जुनं भांडण होतं. अंगात हरितद्रव्य आहे म्हणून आम्ही त्यांना शैवालांत घ्यायचो, पोहतात म्हणून प्राणिशास्त्रवाले आदिजीवांत. नवी पुस्तकं तिसरंच सांगतात. हे सगळं एकदम डोक्यात आलं की माझी जीभ अडखळते. त्यातल्या त्यात सोपा शब्द मी उचलला.

“रंग नाही,” मी म्हणालो. “एक प्रकारचं शेवाळ आहे.”

“शेवाळ!” हिरा हसली. “आणि मी उगीच घाबरले. आमच्या खडकांवर काय कमी हाय ते? मासे त्याच्यावर तर जगतात.”

“तसं शेवाळ नव्हे. म्हणजे… जरा पुस्तकात बघतो. काही जाती…”

“बघा, बघा. तुमचं बघून होईपर्यंत माझी पापलेटं वास मारतील.” तिने पाटी डोक्यावर घेतली आणि गेली.

मागून हाक मारता आली असती. यांतल्या काही जातींचं विष शिंपल्यांत साठतं आणि शिजवूनही जात नाही, हे पुस्तक न उघडता मला ठाऊक होतं. ही जात त्यांपैकीच का, हे ठाऊक नव्हतं. एकदा सहलीत कुजक्या ओंडक्यावरच्या पिवळ्या चिकट जीवाला मी वर्गासमोर बुरशी म्हणालो होतो. ती बुरशी नव्हेच, हे एका मुलीने पुस्तक उघडून दाखवलं. सगळे हसले होते. तेव्हापासून मी आधी बघतो, मग बोलतो. भिंग धूसर होतं, चित्रं एकमेकांसारखी होती, आणि मी बघत राहिलो.

तीन वाजता, खात्री झालेली नसतानाच, मी फोन केला. तिची जाऊ पुष्पलता बोलली. “भाऊजींचे ओठ बधिर झालेत, सर. बोटांना मुंग्या येतात. हिरा टोप घासते, देऊ का?”

“आधी रिक्षा बोलवा,” मी म्हणालो. “आत्ता.”

नामदेव पालघरच्या वाटेवर रिक्षातच गेला. छाती हलायची थांबली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, तो हिराकडे बघत होता. टोपातला नुसता रस्सा तिच्या वाट्याला आला होता, म्हणून ती वाचली.

तेरावं झाल्यावर ती आली. पाटी नव्हती.

“आळीत मीच सांगितलेलं, सर बोलले शेवाळ हाय म्हणून. आणखी चार घरांनी खाल्लं. ती वाचली. सासू बोलते, तूच मारलंस त्याला.”

“तुला कुठे माहीत होतं?”

“तुमाला होतं?”

“हो,” मी म्हणालो. मग म्हणालो, “थोडं.”

“मग तवा का नाय बोललात?”

“खात्री नव्हती.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “खातरी नसताना शेवाळ बोललात ना?”

ती दाराकडे वळली.

“चला,” ती म्हणाली. “बायका आज परत खाडीत उतरतात. बोलतात, हिराने नीट उकळल्या नसतील.”

सातपाटीला मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये वीस-पंचवीस बायका बसल्या होत्या, पाट्या शेजारी ठेवून. वर्गाबाहेर मी जन्मात असा परक्या लोकांसमोर उभा राहिलो नव्हतो. “शेवाळ हा शब्द माझा होता, हिराचा नाही,” मी म्हणालो. “ते विष उकळून जात नाही. शिंपल्या खाऊ नका.”

“पाणी तर साफ झालंय,” एकजण म्हणाली.

“तरी शिंपल्यांत राहतं.”

“किती दिवस?”

“तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.”

“कोण तपासणार? तुमी?”

“मला नाही जमणार. सरकारी प्रयोगशाळेला पत्र लिहितो.”

“लिवा,” ती म्हणाली. “तवर पोरांना काय शिजवून घालू, तेपण लिवा.”

कोणी हसलं. तिघी उठल्या. हिरा दारात जाऊन हात आडवे धरून उभी राहिली. तिघींतल्या सगळ्यात म्हातारीने तिचा एक हात हळूच खाली केला आणि पाटी घेऊन म्हातारी खाडीकडे उतरली.